गदारोळ कशासाठी, तेही सांगा

आमच्या शाळेच्या परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झालं की आजच्या बातम्या असतात. या बातम्या मुलं रेडिओवरून उतरवून आणतात. वर्तमानपत्रं पहिल्या एसटीने येतात, तोवर परिपाठ उरकलेला असतो. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरावर माझा भरवसा नाही. म्हणून मीच मुलांना सांगून ठेवलंय की आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐका, त्यानंतरचं दिल्लीचंही ऐका आणि त्यातलं महत्त्वाचं वहीत घ्या.

गेल्या हिवाळ्यात सातवीतल्या एका मुलीने वाचलं, "विरोधकांच्या गदारोळामुळे संसदेचं कामकाज दिवसभरासाठी तहकूब." मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "बाई, गदारोळ कशासाठी केला?" तिने वही उलटसुलट करून पाहिली. वहीत नव्हतं. मी स्वतः ती बातमी ऐकली होती, त्यातही नव्हतं.

आकाशवाणी खोटं सांगते असं माझं म्हणणं मुळीच नाही. कोयनेतून किती विसर्ग सोडला, घाट कुठे बंद आहे, परीक्षा कधी आहे, यासाठी आजही मी तिच्यावरच विसंबते. कुणाच्या निधनाची बातमी आकाशवाणीने दिली तरच आमच्याकडे ती खरी मानतात. पक्षपात दिसतो तो बातम्यांच्या क्रमात आणि लांबीत. आधी पंतप्रधानांनी कशाचं उद्‌घाटन केलं, मग केंद्रीय मंत्री काय म्हणाले, मग मुख्यमंत्री काय म्हणाले. विरोधकांची टीका एका वाक्यात, तीही बहुतेक वेळा त्यांच्या आवाजाशिवाय. पाठोपाठ सत्ताधाऱ्यांचं उत्तर मात्र सविस्तर. वाक्य एकही चुकीचं नसतं आणि तरी ऐकणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

२०२४च्या एप्रिलमध्ये डीडी न्यूजच्या, म्हणजे दूरदर्शनच्या बातम्यांच्या वाहिनीच्या, बोधचिन्हाचा रंग लालचा भगवा झाला, तेव्हा केवढी चर्चा झाली. रंगावर वाद घालणं सोपं असतं. रोजच्या बातमीपत्रात कोणाला किती सेकंद मिळाले यावर तेवढं कोणी बोललं नाही, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं.

हे याच सरकारच्या काळात सुरू झालं असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. २०१०चं हिवाळी अधिवेशन टू-जी, म्हणजे मोबाइल लहरींच्या वाटपातल्या कथित घोटाळ्याच्या, प्रकरणात संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ पूर्ण वाया गेलं. तेव्हा विरोधात भाजप होता. 'गदारोळ' आणि 'तहकूब' हे शब्द तेव्हाही असेच कानावर पडायचे. २०१४च्या एप्रिलमध्ये, निवडणूक ऐन रंगात असताना, दूरदर्शनने घेतलेली नरेंद्र मोदींची मुलाखत काटछाट करून दाखवली गेली. त्या वेळी केंद्रात काँग्रेसचं सरकार होतं. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी पत्र लिहून कबूल केलं की माहिती व नभोवाणी मंत्रालय आणि वृत्तविभाग यांच्यातलं जुनं नातं तोडता आलेलं नाही. त्याच वर्षी सरकार बदललं आणि ३ ऑक्टोबरला सरसंघचालकांचं विजयादशमीचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं. २०१७च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण त्यांनी बदलायला नकार दिल्यामुळे आकाशवाणी-दूरदर्शनवरून प्रसारितच झालं नाही. लोकांनी निवडून दिलेला मुख्यमंत्री आपल्याच राज्यातल्या लोकांशी सरकारी रेडिओवरून बोलू शकला नाही! मला त्यांचं राजकारण पटतं की नाही, याचा इथे संबंधच नाही.

मी नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून कायदा मुद्दाम वाचला. इंद्रकुमार गुजराल माहिती व नभोवाणी मंत्री असताना आणीबाणी लागली आणि काही दिवसांतच ते खातं त्यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्लांकडे दिलं गेलं. पुढे १९९०मध्ये प्रसार भारती कायदा मंजूर झाला, पण तो कपाटातच पडून राहिला. १९९७मध्ये तो अमलात आला तेव्हा पंतप्रधान होते गुजरालच. कायद्याच्या कलम १२मध्ये स्पष्ट लिहिलंय की नागरिकांना मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपायचा, परस्परविरोधी मतं मांडायची आणि स्वतःची कोणतीही विचारसरणी पुढे करायची नाही. यावर देखरेखीसाठी कलम १३मध्ये २२ खासदारांची समिती आहे, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. श्रोत्यांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद आहे. आहे म्हणजे कागदावर. काँग्रेस, भाजप, तिसरी आघाडी, सगळे सत्तेवर येऊन गेले, पण या दोन्ही गोष्टी कोणीही उभ्या केल्या नाहीत.

"बाई, पगार सरकार देतं, मग ते सरकारचंच बोलणार ना," असं आमचे एक सर नेहमी म्हणतात. माझाही पगार सरकारी तिजोरीतूनच येतो. म्हणून मी वर्गात मुलांना अमुक पक्ष चांगला असं शिकवते का? तिजोरीतला पैसा विरोधकांना मत देणाऱ्यांच्याही खिशातून आलेला असतो.

टीव्हीवर निदान चॅनल बदलता येतं. रेडिओवर तीही सोय नाही, कारण खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच जशाच्या तशा. म्हणजे शेतात पाणी धरताना किंवा गोठ्यात धार काढताना जो माणूस बातम्या ऐकतो, त्याला दुसरी बाजू कळायची तर ती आकाशवाणीनेच सांगायला हवी.

२०२३च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचं ठरलं होतं. त्याविरुद्ध पुण्यात आवाज उठला आणि निर्णय थांबला. मला तेव्हा फार बरं वाटलं, आजही वाटतं. पण तो विभाग वाचवण्यासाठी जेवढे लोक बोलले, तेवढेच तिथल्या संपादकाला दिल्लीकडे न बघता बातमी लावता यावी म्हणूनही बोलायला हवेत.

आमच्या खासदारांना मी पत्र पाठवलंय. त्यात तीन मागण्या केल्यात. कलम १३ची समिती नेमा. तक्रारींसाठीची परिषद स्थापन करा. आणि सरकार, सत्ताधारी पक्ष आणि विरोधक यांना बातम्यांत किती वेळ मिळाला, याचा हिशेब दर महिन्याला जाहीर करा. पत्राची प्रत सातवीच्या वर्गात वाचून दाखवली. गदारोळाचं कारण विचारणाऱ्या त्या मुलाने चौथी मागणी सुचवली, "कामकाज तहकूब झालं की कारण सांगायचंच, असा नियम करा." ती मी वेगळ्या पत्राने कळवली आहे. उत्तर आलं की इथे टाकेन.