डब्यातलं अर्धं फूल

पत्र्याचा डबा कानाशी धरून हलवला की आत काय आहे ते मला कळतं. खळखळ म्हणजे बटणं, सळसळ म्हणजे मणी आणि नुसतंच ‘धप्प’ म्हणजे लोकर नाहीतर चिंध्या. जुन्या वस्तूंच्या दुकानात मी असे डबे हलवत उभी असते तेव्हा सोबत आलेला माणूस हळूच पुस्तकांच्या कपाटाकडे सरकतो. आमची ओळख नाही असं दाखवायचं असतं त्याला. असू दे. वाढदिवसाला मिळालेल्या त्याच्या लाडक्या पाकिटाचं अस्तर कुठून आलं, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

हा डबा मात्र तिन्ही आवाज करत होता. घरी आणून उघडला. वर बटणांची पुडी, तिच्याखाली मण्यांनी भरलेली औषधाची बाटली, मग भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या आणि तळाशी घडी घातलेलं पांढरं सुती कापड. कापडावर पेन्सिलीने काढलेली पाच लाल फुलं. चार भरून झालेली. पाचव्याच्या तीन पाकळ्या पूर्ण, चौथी अर्धी, आणि त्या अर्ध्या पाकळीत सुई तशीच खोचलेली, दोऱ्यासकट. सुई गंजली होती आणि तिच्याभोवती कापडावर तपकिरी कडं उमटलं होतं.

म्हणजे कुणीतरी ‘आलेच हं’ म्हणून उठलं होतं.

मी कापड पुन्हा घडी करून ठेवून दिलं. त्याचं काय करायचं ते सुचेना. बाकीचं सामान मात्र कामाला लागलं.

हाताने केलेली भेट द्यायची तर लोक आधी माणूस ठरवतात, मग वस्तू ठरवतात आणि मग सामान आणायला बाहेर पडतात. माझं सगळं उलटं. सामान आधी येतं, महिनोन् महिने खणात पडून राहतं आणि एक दिवस अचानक एखाद्याच्या नावाने हाक मारतं. कोऱ्या सामानाच्या दुकानात मला काही सुचतच नाही. हिरव्याच्या चाळीस छटा ओळीने लावलेल्या बघितल्या की डोकं बंद पडतं आणि मी रिकाम्या हाताने परत येते. डब्यात हिरवी बटणं सातच असतात आणि त्यातलं एक टवका उडालेलं. आता सहा हिरव्या बटणांचं काय होऊ शकतं? हा प्रश्न सुटण्यासारखा असतो. त्या सहांचं मी पुस्तकात घालायचं खुणेचं फीत केलं. बटणांच्या धंद्यात माप ‘लाइन’मध्ये मोजतात, ४० लाइन म्हणजे एक इंच. माझी सहा बटणं सहा मापांची निघाली. एका संचातली असती तर मी ती मुकाट्याने रांगेत शिवली असती. नव्हती, म्हणून मोठ्यापासून लहानापर्यंत उतरती लावली, आणि फितीला शेपूट फुटल्यासारखं दिसायला लागलं. ते बघून पालींना घाबरणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची आठवण झाली. तिलाच दिलं.

त्याच पुडीत चार शिंपल्याची बटणं होती. ती ओळखायची म्हणजे गालाला लावून बघायची. शिंपला गार लागतो, प्लास्टिक लागत नाही. आणि उलटं करून बघायचं. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या बटणांच्या पाठी एकसारख्या असतात, शिंपल्याच्या मागे मात्र एखादीवर करडा पट्टा, एखादीवर पिवळसर खडबडीत कड. ही चार मी अजून कुणालाच दिलेली नाहीत. काही सामान देण्यासाठी नसतंच, अधूनमधून गालाला लावायला असतं.

लोकरीची गोष्ट वेगळी. लोकरीचे गुंडे जुन्या बाजारात कमी मिळतात आणि मिळाले तरी दीड गुंडा वगैरे. पण स्वेटर ढिगाने मिळतात, आणि एकदा नजर बसली की स्वेटर हा कपडा वाटेनासा होतो, बाह्या असलेला लोकरीचा गुंडा वाटायला लागतो. फक्त विकत घेण्याआधी तो उलटा करून आतली शिवण बघायची. कडा कापून ओव्हरलॉक मारलेल्या असतील तर गुमान परत ठेवायचा, कारण तो उसवला तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येतो. साखळीच्या टाक्याने जोडलेला असेल तर मात्र चैन. त्या साखळीचं बरोबर टोक सापडलं की शिवण सर्रकन सुटत जाते. चुकीच्या टोकाने ओढलं तर ती आणखी आवळून बसते, आणि बरोबर टोक दोनांपैकी कोणतं हे मला इतक्या वर्षांनीही पहिल्या फटक्यात कधीच कळलेलं नाही.

उसवायला सुरुवात विणकाम जिथे संपलं तिथून करायची, म्हणजे बहुतेकदा गळ्याकडून. लोकर निघते ती कुरळ्या केसांसारखी. प्रत्येक टाक्याची वळणं तिच्यात राहिलेली असतात. ती तशीच विणली तर नवं काम ओबडधोबड दिसतं. म्हणून खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैलसर बांधायची, कोमट पाण्यात भिजत घालायची आणि न पिळता टांगायची. दुसऱ्या दिवशी वळणं बरीचशी गेलेली असतात. त्या लडीखाली थेंब थेंब ठिबकणारं पाणी बघत बसण्यात माझा किती वेळ जातो ते इथे न सांगितलेलं बरं.

गळ्याजवळची चिठ्ठी कापून टाकलेली असेल तर लोकर खरी की खोटी हेही बघावं लागतं. छोटासा धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळायचा. खरी लोकर चटकन पेट घेत नाही, ज्योत काढली की विझते आणि केस जळल्यासारखा वास येतो. यायचाच, केस आणि लोकर दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचेच. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. सूत कागदासारखं भुरकन जळतं आणि मऊ राख उरते. हे सगळं मी शिकले ते एक मोरपंखी स्वेटर गरम पाण्यात बुडवून झाल्यावर. बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा म्हणून सुटत नाहीत. दोन दिवस हळहळले. तिसऱ्या दिवशी कात्री चालवून बघितली तर कडा उसवेनात! त्या बाहुलीच्या स्वेटरमधून मावशीच्या चष्म्याचं घर निघालं, सुया टोचून ठेवायच्या दोन छोट्या गाद्या निघाल्या आणि उरलेल्याची पानं कापून भाचीच्या हेअरबँडवर शिवली. मावशीला वाटतं मी ते ठरवून केलं.

भाचीच्या टोपीची गत मात्र वाईट झाली. जुन्या सामानात विणायच्या सुया मिळाल्या, बुडावर ८ लिहिलेलं. माझ्या समजुतीप्रमाणे ८ म्हणजे ४ मिलिमीटर. पण ते जुन्या ब्रिटिश क्रमाने, ज्यात आकडा वाढला की सुई बारीक होत जाते. अमेरिकेचा क्रम उलटा चालतो, त्यांच्याकडे ८ म्हणजे ५ मिलिमीटर. सुया कुठल्या हे तपासायचं सोडून मी भरभर विणत गेले. टोपी भाचीच्या हनुवटीपर्यंत आली. तिने डोळ्यांसाठी भोकं मागितली.

आणि ब्रेसलेट. बाटलीतले मणी सुंदर होते, काचेचे, हातात घेतल्यावर गारगार आणि आकाराच्या मानाने जड. त्यांच्यासोबत डब्यात रबरी दोऱ्याचं रीळही होतं, तेव्हा मी कशाला दुसरीकडे शोधायला जाते? ऑफिसमधल्या एका ताईंना ब्रेसलेट दिलं, त्यांनी लगेच हातात घातलं आणि दुपारच्या मीटिंगमध्ये हात उंचावून त्या काहीतरी मुद्दा मांडत असताना ते तुटलं. टेबलावर, टेबलाखाली, खुर्च्यांच्या चाकांपर्यंत मणी. रबर आतून जुनं होतं, बाहेरून कळत नाही. तेव्हापासून माझा एक नियम आहे: जुनं घ्यायचं ते शोभेचं घ्यायचं, भार पेलणारं सगळं नवं. रबर नवं, शिवणीचा दोरा नवा, कानात घालायचे हूकही नवेच, कारण जुन्या हुकांत निकेल किती हे पाहून कळत नाही आणि अनेकांच्या कानाला निकेल चालत नाही. मणी पन्नास वर्षांचे असले तरी हरकत नाही. काचेला वय नसतं. ताईंनी सगळे मणी गोळा करून पाकिटात घालून परत आणून दिले, वर म्हणाल्या, “दोन कमी आहेत गं.” मोजले होते त्यांनी!

तर ते कापड. मध्ये सात-आठ महिने गेले. एका रविवारी खण आवरताना ते पुन्हा हाती आलं आणि या वेळी लड्यांच्या कागदी पट्ट्यांकडेही नीट लक्ष गेलं. डीएमसीच्या लड्या. फ्रान्समधल्या म्युलूजची ही कंपनी १७४६ सालची. भरतकाम करणारे तिचे रंग नावाने न ओळखता नंबराने ओळखतात. ३१० म्हणजे काळा, ३२१ म्हणजे लाल. डब्यात लाल एकच लडी होती, संपत आलेली, पण पट्टी शाबूत होती: ३२१. मला एकदम हुरूप आला. नंबर आहे म्हणजे रंग मिळणार, रंग मिळाला म्हणजे फूल पुरं होणार, आणि कुणालाही कळणार नाही की हात बदलला.

नवी लडी आणली. आठ मीटर दोरा, सहा पदरी, त्यातले दोन पदर वेगळे काढून ओवायचे. आधी गंजलेली सुई पक्कडीने हळूच ओढून काढली आणि तिच्यातलाच दोरा नव्या सुईत ओवला. वाटलं, पहिले चार टाके तरी त्या अर्धवट सोडून उठलेल्या बाईच्या दोऱ्याने व्हावेत. दुसऱ्या टाक्याला तो तुटला. नेढ्यापाशी गंजाने खाल्ला होता. मग नवा ओवला, पाकळी भरायला घेतली, आणि लांब धरून बघितलं तर काय! माझं लाल लालभडक होतं, तिचं लाल जरा विटकरीकडे झुकलेलं. नंबर तोच होता, पण तिच्या दोऱ्याने मध्ये किती ऊन खाल्लं, किती पाण्यातून गेला, ते काही पट्टीवर छापलेलं नव्हतं.

उसवावं का? एक क्षण कात्री उचललीही. पण उसवून तरी करणार काय, तिच्यासारखं जुनं लाल माझ्याजवळ नव्हतंच. तशीच पुढे भरत गेले. दीड पाकळी माझी. गंजाचं कडं धुऊन गेलं नाही, लिंबू लावून पाहिलं, फक्त फिकं झालं. त्यावर बाटलीतला एक मणी शिवला, तो परागासारखा दिसेल अशा बेताने. तो फुलाच्या मधोमध नव्हता, पण असतं एखादं फूल तसं. मग कापडाची ओढायच्या नाडीची पिशवी शिवली. अस्तर लावायचा कंटाळा केला.

पिशवी दिली ती अशा एका मैत्रिणीला, जी स्वतः सुरेख भरतकाम करते. ही निवड धाडसाची होती हे मला नंतर कळलं. तिने हातात घेतली, पाचव्या फुलावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही एवढीच पाकळी अशी टवटवीत कशी काय?”

मी सगळं सांगितलं. डबा, सुई, ३२१. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने पिशवी आतून बाहेर उलटली. आम्ही दोघींनी एकदमच बघितलं. चार फुलांच्या पाठीमागे एकही गाठ नव्हती. प्रत्येक दोऱ्याचं टोक टाक्यांखाली असं सरकवलेलं की मागची बाजू कुठली तेच कळू नये. पाचव्या फुलाच्या तीन पाकळ्या आणि चौथीचा अर्धा भाग तसाच. आणि उरलेल्या दीड पाकळीमागे तीन ठसठशीत गाठी, एकीला तर दोन इंच शेपूट.

“ही तुझी,” मैत्रीण म्हणाली.