तिला घेऊन कशाला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. विचारणारे बरेच आहेत. शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या आया, सोसायटीतले काका, माझी सख्खी मावशी. प्रश्न साधारण एकच असतो: लेकीला चालता येत नाही, बोलता येत नाही, मान फार वेळ सावरता येत नाही, मग तिला घेऊन थीम पार्कला, समुद्रावर, गडावर कशाला जाता? तिचे हाल, तुमची दमछाक आणि तिकिटाचे पैसे वाया. आजीजवळ ठेवा तिला, चार दिवस तुम्ही तरी मोकळे व्हा.

विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. मावशीने तर लेकीचं न्हाऊमाखू केलंय, रात्री जागवल्यात. म्हणूनच आजवर हसून विषय बदलत आले. आता नीट सांगते.

आधी राइड्सचं. तिला मोठ्या रोलरकोस्टरमध्ये बसवा असा हट्ट मी कधीही धरलेला नाही. तिथले हिसके मानेने पेलायचे असतात. बसणारा स्वतःच्या बळावर ताठ बसेल हे धरूनच ते पट्टे बनवलेले असतात. लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. त्यात स्नायूंना मेंदूकडून नीट हुकूमच मिळत नाही, मग ते पेलणार कसं? अचानक मोठा आवाज झाला की तिचं अख्खं अंग दचकून ताठरतं. फिट्स येतात, म्हणून लुकलुकत्या दिव्यांपासूनही आम्ही लांब राहतो. हे कळायला मला पाटी वाचावी लागत नाही. पण थीम पार्क म्हणजे काही नुसता रोलरकोस्टर नाही. हळू जाणारी बोट असते, छोटी आगगाडी असते, संध्याकाळची मिरवणूक असते. आणि माझ्या लेकीला या सगळ्याहून जास्त आवडते ती गर्दी. रांगेत उभी असलेली पोरं, त्यांचं ओरडणं, पॉपकॉर्नचा वास. आपण ज्या रांगेला कंटाळतो तिथेच ती सगळ्यात जास्त हसते.

दमछाक होते, हे खरं आहे. हॉटेलला फोन करून ‘रॅम्प आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘आहे’ म्हणतात आणि जाऊन बघावं तर सामानाची ट्रॉली ढकलायला टाकलेली फळी. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो, तरच व्हीलचेअर एकट्या माणसाला ढकलता येते. म्हणून मी पायऱ्यांचे फोटो मागते, बाथरूमच्या दाराची रुंदी मोजून सांगायला लावते. पुष्कळ ठिकाणी खोलीचं दार मोठं असतं, बाथरूमचं अरुंद. तिचं जेवण मिक्सरमधून काढावं लागतं, तेव्हा छोटा मिक्सर सामानात असतोच. औषधाच्या वेळा चुकवून चालत नाही. आणि ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते म्हणजे डायपर. बाळांचे डायपर बदलायला पार्कमध्ये टेबल असतं. बारा वर्षांच्या मुलीला आडवं करता येईल अशी जागा मला अजून आपल्याकडे दिसलेली नाही. आम्ही गाडीची मागची सीट पाडून, काचांना ओढण्या लावून बदलतो. मे महिना आणि दिवाळीची गर्दी टाळतो. धाकट्याची शाळा बुडवून मधल्या वारी जातो आणि त्यावरून शाळेचं बोलणंही खातो.

आता त्या दिवसाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पार्कचं नाव लिहीत नाही.

घोड्यांचं मेरी-गो-राउंड होतं. त्यात घोड्यांच्या मधे रथासारखा एक रुंद बाक असतो, आजी-आजोबांना नातवंडं मांडीवर घेऊन बसता यावं म्हणून. तिला कुशीत धरून मी तिथे बसणार होते. बराच वेळ आम्ही रांगेत होतो. घोडे समोरून जात होते आणि ती प्रत्येक फेरीला खुशीचा तो आवाज काढत होती, जो घरातल्यांना लांबूनही ओळखू येतो. आमची पाळी आली. धाकटा धावत जाऊन एका पांढऱ्या घोड्यावर बसला. फाटकावरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, हिला नाही बसवता येणार.”

मी म्हटलं, “मी धरून बसतेय. घोड्यावर नाही, बाकावर.”

“सेफ्टीचा नियम आहे.”

“कुठे लिहिलाय? दाखवा.”

पाटीवर हृदयविकार, गरोदर बायका, पाठीचे आजार, एवढंच होतं. त्याने वॉकीटॉकीवरून साहेबांना बोलावलं. साहेब आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लेकीकडे तर नाहीच. माझ्या नवऱ्याला म्हणाले, “सर, उद्या काही झालं तर रिस्क कोण घेणार?” काय होईल असं त्यांना वाटत होतं, ते मी विचारलं. उत्तर आलं नाही. मागून एक बाई म्हणाल्या, “अहो, उन्हात पोरं ताटकळलीत, बाजूला व्हा ना.” आणि एक पुरुषाचा आवाज आला, फार मोठा नव्हता, पण मला ऐकू आला: “अशा मुलांना आणतातच कशाला?”

फाटक लागलं. मेरी-गो-राउंड सुरू झालं. लेकीचा हात पुढे केलेला होता, तो तसाच राहिला. तिला हात उचलायला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे. दुसरी फेरी झाली तेव्हा तिला समजलं आणि ती रडली. दुखतं तेव्हाचं रडणं वेगळं असतं, भुकेचं वेगळं. हे मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. ‘तिला काय कळतंय’ असं म्हणणाऱ्यांनी ते ऐकायला हवं होतं. धाकटा घोड्यावरून दर फेरीला आमच्यासमोर येत होता आणि प्रत्येक वेळी मान दुसरीकडे वळवत होता. सात वर्षांचा होता.

परतताना गाडीत तो म्हणाला, “आई, पुढच्या वेळी ताईला आजीकडे ठेवू या का?”

तोच तुमचा प्रश्न. तुम्हाला उत्तर देणं सोपं आहे, त्याला देणं नव्हतं.

घरी आल्यावर काही दिवस मी कायदा वाचत बसले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २९वं कलम संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. इतरांच्या बरोबरीने करमणुकीत भाग घेता यावा, असं त्यात लिहिलंय. २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघालेल्या जीजा घोष यांना विमानातून उतरवलं होतं. त्यांनाही सेरेब्रल पाल्सी आहे. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा कंपनीला पाच लाखांचा दंड झाला. त्यानंतर नियम बदलला: दिव्यांग प्रवाशाची तब्येत बिघडेल असं वाटलं तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, मगच काय ते ठरवायचं. मेरी-गो-राउंडच्या फाटकावर मात्र एक नजर टाकली की निकाल लागतो.

आणि होऊ शकतं, हे मला माहीत आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला २०१० पासून मॉर्गन्स वंडरलँड आहे. एका बापाने आपल्या लेकीसाठी उभारलेलं पार्क. व्हीलचेअरसकट चढता येईल असं मेरी-गो-राउंड आहे तिथे आणि दिव्यांगांना प्रवेश फुकट आहे. पुढे त्यांनी वॉटर पार्क काढलं, त्यात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी बिघडणार नाहीत अशा व्हीलचेअर ठेवल्या. टेक्सास लांब राहिलं. चेन्नईच्या मरीना बीचवर २०२२ मध्ये वाळूतून पाण्याच्या दिशेने लाकडी रस्ता बांधला. काही दिवसांतच वादळाने तो मोडला, तरी पुन्हा दुरुस्त केला. आपल्याकडे रायगडाचा रोपवे १९९६ पासून आहे. वणीला सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून डोंगर चढणारा डबा, आली, म्हणून माझ्या लेकीला देवीच्या अठरा भुजा समोरून बघता आल्या. ट्रॉली बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा म्हातारे भाविक असतील, ती असेलच असं नाही. पण बांधली की सगळ्यांनाच चालते.

हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

ती लहान असताना, पालकांच्या एका बैठकीत मी उभी राहून म्हणाले होते: जिथे आम्ही जाऊ तिथे ती येईल, नाहीतर आम्हीही जाणार नाही. टाळ्या पडल्या होत्या. त्या बाईशी मी आता मनात भांडते. तिला सांगते, तुझा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. लेक कडेवर उचलण्याएवढी होती, आज तिला उचलताना नवऱ्याची कंबर धरते. त्यावर ती बाई मला म्हणते, एकदा घरी ठेवायला लागलीस की सवय होईल, सगळ्यांनाच. तिचंही खोटं नाही.

आम्ही एकदा तिला आजीकडे ठेवून गेलो. वॉटर पार्कला. धाकटा लाटांच्या तलावातून बाहेरच येईना. नवरा आणि मी चहा गरम असताना प्यायलो, रात्रभर सलग झोपलो. मला मजा आली. तुमच्यापैकी कुणाला वाटेल मी तिथे रडले असेन. नाही रडले. आजीने फोनवर सांगितलं, जेवली, हसली, झोपली. तिचंही आमच्यावाचून अडलं नव्हतं आणि मला बोचलं ते हेच.

तेव्हा तिच्यासाठी नेते की माझ्यासाठी, असं कुणी विचारलं तर छातीठोक सांगता येणार नाही. दोन्ही असेल. पण रांगेतलं तिचं हसणं मी कल्पनेने रचलेलं नाही आणि त्या दिवशीचं रडणंही नाही. जिला न मिळाल्याचं कळतं, तिला मिळाल्याचंही कळतं. एवढ्यापुरतं तरी मला कुणी समजवायला येऊ नये.

दिवाळीनंतरच्या सहलीचं अजून ठरलेलं नाही. धाकट्याला रोलरकोस्टर हवाय, आता त्याची उंची पुरते. नवरा म्हणतो दोन सहली करू, एक त्याच्यासोबत आणि एक चौघांची. मला ते पटतं, आणि रात्री विचार केला की पटत नाही. दोन पार्कना फोन करून मेरी-गो-राउंडवर बाक आहे का आणि मांडीवर घेऊन बसू देतात का, ते विचारलंय. एकाने ‘आल्यावर बघू’ म्हटलं. त्यांच्याकडून लेखी मागितलंय. मावशी, तू पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा विचारशीलच. तोवर त्यांचं उत्तर आलं असेल, तर दाखवेन.