चुकलेल्या नकाशाची प्रथमावृत्ती

जुनी प्रवासवर्णने जमवू लागलेल्या माणसाची एक समजूत फार पक्की असते, ती म्हणजे प्रथमावृत्ती म्हटली की ती दुर्मीळ असणारच. आफ्रिकेत हिंडलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या पुस्तकांच्या वाटेला गेले की ही समजूत पहिल्याच पायरीवर गळून पडते. आफ्रिकेतील प्रवासांवरचे त्याचे पहिले पुस्तक लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने १८५७ साली काढले, तेव्हा पहिल्याच खेपेला बारा हजार प्रती छापल्या होत्या, आणि एक गिनी ही त्या काळी भरभक्कम वाटणारी किंमत असूनही प्रसिद्धीपूर्वीच पुस्तकविक्रेत्यांची मागणी त्या आकड्याच्या पुढे गेली. इतक्या प्रती घरोघरी गेल्या की ते पुस्तक आजही फारशी यातायात न करता मिळते. मग संग्राहक बारकाव्यांत शिरतात. व्हिक्टोरिया धबधब्याचे मुखचित्र कोणत्या पद्धतीने छापलेले आहे, मूळ कापडी बांधणी शाबूत आहे की नंतर कोणी हौसेने चामडे चढवले आहे, घडीचे नकाशे घडीवर फाटले आहेत काय, आतल्या पुठ्ठ्यावर फिरत्या वाचनालयाची चिठ्ठी चिकटवलेली आहे काय, अशा प्रश्नांच्या उत्तरांवर किंमत चढते किंवा उतरते. वाचनालयाच्या चिठ्ठीने प्रतीचे मोल कमी होते, हे मला अजून पटलेले नाही. जे पुस्तक शंभर हातांतून फिरले, त्याने आपले काम चोख केले असे म्हणायला हवे.

माझे लक्ष मात्र लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिश्यांवर आहे. त्या होरेस वॉलर याने संपादित केल्या आणि मरे यांनीच १८७४ साली दोन खंडांत छापल्या. माझ्याकडे त्यांपैकी फक्त दुसरा खंड आहे, तोही कणा सैल झालेला आणि कडांना तांबूस डाग पडलेला. जोड फुटलेल्या खंडाला बाजारात विचारत नाहीत, म्हणूनच तो मला परवडला. नाशिकच्या माणसाने हे पुस्तक जवळ बाळगावे याला एक कारण आहे. अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामवाहू जहाजांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईला आणली जात आणि त्यांतली कित्येक नाशिकच्या शरणपूर येथील मिशनच्या शाळेत शिकत असत. १८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन मुंबईहून झांझिबारकडे निघाला, तेव्हा त्याने या शाळेतील नऊ जण सोबत घेतले होते. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

या पुस्तकाचा लेखक पुस्तक होण्याआधीच वारला होता, आणि मूळ लिखाण जंगलातच नष्ट व्हायचे ते वाचले याचे श्रेय त्याच्या सोबत्यांचे आहे. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा अंत झाला. सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या सोबत्यांनी पेट्या उघडल्या आणि आत काय काय आहे याची यादी करण्याचे काम जेकब वेनराइटकडे दिले, कारण त्याला लिहिता-वाचता येत होते. वेनराइट हा नाशिकच्या शाळेचाच विद्यार्थी. तो नंतरच्या तुकडीतून तिकडे पोहोचला होता. लिव्हिंग्स्टनचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना त्यानेच म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख त्यानेच कोरली. पुढे शव, वह्या आणि उपकरणे घेऊन ही मंडळी समुद्रकिनाऱ्याच्या दिशेने सुमारे नऊ महिने हजार मैलांहून अधिक चालली. वाटेत भेटलेल्या कॅमेरन या इंग्रज अधिकाऱ्याने शव तिथेच पुरण्याचा सल्ला दिला, तोही त्यांनी मानला नाही. कागद संपल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या पानांवर, छापील ओळींना आडवे, झाडापासून केलेल्या शाईने लिव्हिंग्स्टनने लिहिलेले काही टिपण त्या सामानात होते. त्याच्या एका भागाची हुबेहूब प्रतिकृती पुस्तकात दिली आहे, आणि दुकानदार पुस्तक दाखवतो तेव्हा तेच पान आधी उघडतो.

तरीही १८७४ चीच प्रत हवी, हा हट्ट मला नकाशामुळे पटतो. मध्य आफ्रिकेतली लुआलाबा नदी ही नाईलचीच वरची धार असावी, हा लिव्हिंग्स्टनचा अंदाज होता, आणि हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने सांगितलेले नाईलच्या उगमाचे झरे शोधण्यातच त्याची अखेरची वर्षे गेली. त्याच्या टिपणांवरून काढलेला अनुमानांचा नकाशा पुस्तकाला जोडला, तेव्हा ती नदी उतरून जाऊन हा अंदाज कोणी खोटा ठरवलेला नव्हता. १८७७ साली स्टॅन्ली हा दुसरा प्रवासी ती नदी उतरून अटलांटिकच्या किनाऱ्याला पोहोचला आणि लुआलाबा काँगोची निघाली. त्यामुळे १८७४ चा तो नकाशा अशा वेळेचा आहे, जेव्हा जाणती माणसेही प्रामाणिकपणे चुकत होती. दुरुस्त भूगोल मला कोणत्याही शालेय नकाशासंग्रहात मिळतो. ती चूक तिच्या मूळ रंगांत, मूळ कागदावर पाहायची तर याच छपाईकडे जावे लागते. अर्थात नकाशेच पुस्तकांतून सर्वांत आधी फाटतात किंवा गहाळ होतात, आणि नकाशासह पूर्ण संच घ्यायचा तर माझ्यासारख्याने दुसऱ्या एखाद्या हौसेला रजा द्यावी लागेल.

वॉलरच्या संपादनाबद्दल मात्र सावध असलेले बरे. लुआलाबाकाठच्या न्यांग्वे गावी १५ जुलै १८७१ रोजी बाजारात झालेल्या कत्तलीचे लिव्हिंग्स्टनचे टिपण अलीकडे विशेष छायाचित्रण तंत्राने पुन्हा वाचले गेले, तेव्हा मूळ टिपण आणि छापील मजकूर यांत फरक असल्याचे दिसले. प्रथमावृत्ती ही लेखकाच्या सर्वांत जवळची असते असे आम्ही संग्राहक मानतो, पण इथे लेखक आणि प्रथमावृत्ती यांच्या मधे संपादक उभा आहे.

वेनराइट शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. त्याने स्वतःही या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती आणि ती १८७४ सालीच एका जर्मन भूगोल नियतकालिकात जर्मन भाषांतरातून छापली गेली. नाशिकच्या संग्राहकाने पहिला हात घालावा तो खरे तर या अंकाला. मी चौकशी केली, तेव्हा विक्रेत्याने सुटा अंक विकण्यास नकार देऊन वर्षभराचा बांधीव खंड घ्यावा असे कळवले. मला जर्मन येत नाही, आणि खंडाचे वजन पाहता टपालखर्चच माझ्या दुसऱ्या खंडाच्या किमतीइतका होतो. तरी मी नकार अजून कळवलेला नाही.