नुसतं बोलत नाहीत, त्यात एवढं काय?

मी नर्स आहे, आणि वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर एखादीशी नुसत्या बोलत नाहीत, त्यात एवढं काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला घरचे विचारतात, नव्याने लागलेल्या मुलींच्या आया विचारतात, कधीकधी डॉक्टरसुद्धा, की अहो कुणी शिवी दिली नाही, अंगावर धावून आलं नाही, नुसतं बोलत नाहीत, मग एवढं मनाला काय लावून घ्यायचं, आपलं काम करावं आणि घरी जावं.

पण आमचं काम एकटीने होतच नाही हो. पेशंटला कुशीवर वळवायला दोघी लागतात, ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, द्यायला घ्यायला दोघी लागतात, धोक्याचं औषध दोघींनी तपासायचं असतं.

माझंच सांगते. नोकरी बदलून एका वॉर्डला गेले तिथे जुना ग्रुप होता. भांडण काहीच झालं नव्हतं. मी चेंजिंग रूममध्ये गेले की बोलणं थांबायचं, ड्युटी बदलल्याचे मेसेज ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचे त्यात मला कुणी घेतलंच नव्हतं, ओव्हरच्या वेळी सगळ्या एकमेकींकडे बघून बोलायच्या आणि माझे बेड आले की फाइल पुढे सरकवून, "लिहिलंय त्यात." आता तक्रार करायची तर काय लिहू, माझ्याकडे बघत नाहीत असं?

दोन महिन्यांत माझी वागणूकच बदलली. आधी मी सगळ्यांच्या नाईट घ्यायला लागले, सणावाराचे ऑफ सोडायला लागले, कुणीतरी आपलं म्हणावं म्हणून. ते काही झालं नाही, मग चिडचिड सुरू झाली आणि ती निघायची बिचाऱ्या नातेवाइकांवर. मग गप्प झाले. किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी वाळीत टाकण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय, ते म्हणतात की माणूस आधी परत आत घेतलं जावं म्हणून धडपडतो किंवा रागावतो, आणि फार दिवस तसंच चाललं की हात टेकतो. वाचताना मला माझीच ड्युटी लिस्ट दिसत होती. 2003 साली ते आणि त्यांचे सहकारी यांनी लोकांना मेंदूचं स्कॅन चालू असताना कॉम्प्युटरवर साधा चेंडू फेकाफेकीचा खेळ दिला, आणि मध्येच बाकीच्यांनी चेंडू देणं बंद केलं, तर अंग दुखताना मेंदूचा जो भाग जागा होतो त्यातलाच एक भाग तेव्हाही जागा झाला. नुसता चेंडू दिला नाही म्हणून!

आणि एका नाईटला हेपारिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन, भरत होते. त्याची पाच एमएलची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, एक एमएलला हजार युनिटचीही येते आणि पाच हजारचीही, म्हणजे पाचपट फरक. हातातली कुठली याची शंका आली. दोघीजणी समोरच बसलेल्या, चार पावलांवर. मी उठले नाही, कारण विचारलं की त्या एकमेकींकडे बघणार हे माहीत होतं, आणि त्या नजरेपेक्षा मला एकटीने भरणं सोपं वाटलं. लेबल परत वाचलं म्हणून वाचले मी, आणि तो पेशंट. त्याच वर्षीच्या रिपोर्टमध्ये माझ्याबद्दल शेरा होता, "मिसळत नाही, टीमवर्क कमी."

हे मला आजही खटकतं. आधी बाईला बाहेर ठेवायचं, मग ती बाहेर राहते म्हणून तिचाच दोष काढायचा. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तर चांगल्या टीमच्या वॉर्डांमध्ये नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तिथे सिस्टर चूक सांगायला घाबरत नव्हत्या. आमच्या त्या वॉर्डात चुकांची नोंद जवळजवळ नसायचीच, आणि त्याचं कौतुक व्हायचं.

खरं सांगायचं तर पुढे मीही हेच केलंय. एक ज्युनिअर होती, हळू काम करायची, आम्ही तिला जेवायला हाक मारायचं सोडून दिलं. मला तर ठाऊक होतं कसं वाटतं ते, तरी ग्रुपमध्ये आत असल्याचा दिलासा इतका होता की मी गप्प बसले. ती सोडून गेली. तिला मी आजपर्यंत सॉरी म्हटलेलं नाही.

म्हणून आता नवीन मुलगी आली की ओव्हर देताना मी तिच्याकडे बघून, तिचं नाव घेऊन बोलते, आणि डबल चेकला मुद्दाम तिलाच बोलावते. परवा रात्री तीनला एकजण सिरिंज आणि व्हायल घेऊन माझ्याकडे आली, "ताई, एकदा बघता का?" बघितलं, डोस बरोबर होता. आम्ही दोघींनी सह्या केल्या आणि ती पेशंटकडे गेली.