गर्द रंगाच्या भिंती आणि हॉलमधला उजेड

हॉलला गर्द रंग द्यावा की नाही, ही चर्चा बहुतेक घरांत "खोली लहान दिसेल" या एका वाक्यावर संपते. आमच्या ठाण्यातल्या घराचा हॉल यंदा रंगवायला काढला तेव्हा तीच चर्चा आमच्याकडेही झाली, पण ती तिथे थांबली नाही, आणि त्या निमित्ताने रंगाविषयी जे वाचले, विचारले आणि भिंतीवर प्रत्यक्ष पाहिले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. माझे मत असे झाले आहे की गर्द रंगाचा निर्णय घेताना आधी खोलीतला उजेड पाहावा, तोही आपण त्या खोलीत ज्या वेळी खरोखर बसतो त्या वेळचा, आणि मगच शेड कार्ड उघडावे. ज्या हॉलमध्ये दिवसभर भरपूर उजेड असतो तिथे हस्तिदंती किंवा पांढरी भिंत शोभतेच. पण शहरातल्या असंख्य इमारतींत हॉलची खिडकी शेजारच्या इमारतीकडे उघडते, तिच्या वर बाल्कनीचा स्लॅब आणि पुढे ग्रिल असते, आणि अशा खोलीत पांढऱ्या भिंतीच्या वाट्याला मुळात उजेडच इतका कमी येतो की ती दुपारीसुद्धा करडी आणि मळकट दिसते. आमचा हॉल असाच आहे. सकाळी थोडा वेळ पूर्वेचा प्रकाश येतो आणि त्यानंतर दिवसभर मंद उजेड असतो. घरातली सगळी माणसे मात्र तिथे एकत्र बसतात ती संध्याकाळी सातनंतर, म्हणजे दिव्यांच्याच प्रकाशात.

बऱ्याच रंग कंपन्या प्रत्येक छटेचा एलआरव्ही देतात. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश ती परत फेकते, हे 0 ते 100 या मापात सांगणारा हा आकडा असतो. चांगल्या पांढऱ्या रंगाचा आकडा 80 च्या वर असतो, ज्यांना आपण सहज गर्द म्हणतो त्या छटा साधारण 15 च्या खाली येतात, आणि काळा रंग 5 च्या आसपास असतो. हा आकडा समजून घेतला की पुढचे बरेच काही उलगडते. पांढऱ्या खोलीत दिव्याचा प्रकाश भिंतीवरून भिंतीवर, तिथून छतावर असा पुन्हा पुन्हा फिरतो आणि त्यामुळे एकच ट्यूबलाइट सगळ्या खोलीला पुरते. गर्द भिंत मात्र तिच्यावर आलेला बहुतेक प्रकाश पहिल्याच भेटीत शोषून घेते. त्यामुळे तिथे प्रकाश आपसूक पसरेल या भरवशावर राहता येत नाही, तो जिथे हवा तिथे नेऊन ठेवावा लागतो.

माझ्या सासूबाईंनी नेमका हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता. "रंग तुम्ही कोणताही लावा गं, पण मला संध्याकाळी पेपर वाचता आला पाहिजे." या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या दुकानात मिळत नाही, ते इलेक्ट्रिशियनकडे मिळते. म्हणून रंगकाम सुरू होण्याआधीच आम्ही वायरिंग करून घेतले: त्यांच्या खुर्चीशेजारी वाचनाचा दिवा, सोफ्याच्या कोपऱ्यात उभा दिवा, आणि ज्या भिंतीवर चित्रे लावायची होती तिच्यावर वरून प्रकाश टाकणारे दोन छोटे दिवे. पुट्टी आणि रंग झाल्यावर भिंत फोडणे कुठल्याच रंगात बरे नाही, पण गर्द रंगात डागडुजीचा ठिगळ फार ठळक दिसतो, म्हणून हा क्रम पाळणे अत्यंत आवश्यक आहे. दिव्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे सर्रास मिळणारे 6500 केल्विनचे निळसर पांढरे एलईडी गर्द हिरव्या किंवा तपकिरी भिंतीला निर्जीव करतात. त्याच भिंतीवर 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर प्रकाश टाकला की रंगाची खोली दिसू लागते. दिव्याच्या खोक्यावर केल्विनबरोबर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडाही पाहावा. तो 90 किंवा त्याहून अधिक असेल तर लाल आणि तपकिरी छटा खऱ्यासारख्या दिसतात.

आता छटेची निवड. शेड कार्डावरचा चौकोन बोटभर असतो आणि त्याच्याभोवती पांढरा कागद असतो. पांढऱ्याच्या शेजारी कोणताही गर्द रंग असतो त्याहून अधिक गर्द भासतो. फ्रान्समधल्या गोब्लाँ या विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळ्या धाग्यांचा रंग फिका पडतो अशा तक्रारी आल्या होत्या. दोष रंगात नसून शेजारी विणलेल्या धाग्यांच्या रंगात आहे, असे त्यांच्या लक्षात आले, आणि शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात याचे नियम त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यामुळे शेड कार्ड पाहून घाबरणे किंवा मोहात पडणे, दोन्हीला फारसा अर्थ नाही. आम्ही निवडक छटांचे लहान डबे आणले, दोन फुटी हार्डबोर्डच्या तुकड्यांवर कडेला पांढरी पट्टी न ठेवता प्रत्येकी दोन हात दिले, आणि ते तुकडे निरनिराळ्या भिंतींना टेकवून सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि दिवे लागल्यावर असे पाहिले. हे करताना ओल्या रंगावरून मत बनवू नये. इमल्शनमधला चिकट घटक ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे डब्यात साधा निळा वाटणारा रंग भिंतीवर वाळला की कितीतरी गडद होतो.

आमच्यापुढे शेवटी डाळिंबी, मोरपंखी आणि काळसर छटेचा गर्द हिरवा असे तीन तुकडे उरले होते. दिवसा तिन्ही सुंदर दिसत होते आणि माझा कल डाळिंबीकडे होता. तिन्हीसांजेला, दिवे लावण्यापूर्वी, डाळिंबी तुकडा जवळजवळ काळा पडला आणि त्याच वेळी मोरपंखी मात्र उजळल्यासारखा वाटू लागला. हा भास माझ्या एकटीचा नव्हता. उजेड मंदावला की आपल्या डोळ्यांना लाल रंग अधिक काळे आणि निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ दिसतात, आणि चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नोंदवलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्यांच्या हॉलमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत दिवे न लावता बसण्याची सवय आहे, त्यांनी लाल आणि तांबूस गर्द छटा या वेळी पाहिल्याशिवाय ठरवू नयेत. आम्ही गर्द हिरवा घेतला, कारण तो दिव्यांच्या पिवळसर प्रकाशात सर्वांत शांत वाटला आणि आमच्या जुन्या सागवानी फर्निचरचा तांबूसपणा त्याच्यापुढे उठून दिसला. तपकिरी भिंतीपुढे तेच फर्निचर हरवून गेले असते.

गर्द भिंत ही तिच्यापुढे ठेवलेल्या वस्तूंसाठी असते, हे मला डहाणू-जव्हार भागातली वारली घरे आठवली की फार पटते. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा किंवा गेरूचा लेप आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी चित्रे, ही रचना कमी उजेडाच्या घरात केलेली आहे. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढला जाणारा चित्रचौक त्या तांबूस तपकिरी पार्श्वभूमीवर इतका स्पष्ट दिसतो तो त्या भिंतीच्या गर्दपणामुळेच. आपल्या हॉलमध्येही पितळी वस्तू, फिक्या रंगाची चौकट असलेले चित्र, खादीचा पांढरट पडदा यांना गर्द भिंतीपुढे जो उठाव मिळतो तो हस्तिदंती भिंतीपुढे मिळत नाही. मात्र वस्तू थोड्या हव्यात. गर्द भिंतीवर गर्दी केली की खोली खरोखरच लहान वाटू लागते.

कोणती भिंत, हा पुढचा प्रश्न. टीव्हीमागची एकच भिंत गर्द करून बाकीच्या तीन पांढऱ्या ठेवण्याची पद्धत सध्या रूढ आहे, आणि पडद्याभोवतीची चमक कमी होते म्हणून तिला काही आधारही आहे; पण माझ्या दृष्टीने तो अर्धवट निर्णय आहे, कारण नजर सतत त्या एका चौकोनाकडे ओढली जाते. एकच भिंत करायची असेल तर निदान खिडकीची भिंत करू नये. तिच्यावर थेट प्रकाश पडत नाही, त्यामुळे ती आधीच खोलीतली सर्वांत काळोखी भिंत असते, आणि तिला गर्द केले की खिडकीतला उजेड डोळ्यांना खुपतो. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर प्रकाश तिरका पडतो आणि रंग तिथे सर्वांत चांगला दिसतो. आम्ही चारही भिंती रंगवल्या आणि छत मंद पांढरे ठेवले. छताच्या कडेने जाणारी बीम कोणत्या रंगाची करावी यावर बरीच चर्चा झाली. ती भिंतीच्या रंगात घेतली असती तर छत खाली आल्यासारखे वाटले असते, म्हणून ती छताबरोबर ठेवली. पांढरे स्विचबोर्ड मात्र बदलून राखाडी करून घेतले, कारण गर्द हिरव्यावर पांढरा प्लास्टिकचा चौकोन खोलीत शिरताक्षणी दिसतो.

रंगाऱ्यांशी बोलताना काही गोष्टी आधीच स्पष्ट असाव्यात. आमचे रंगारी अनुभवी होते आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "ताई, याला तीन हात लागतील, दोनात बसणार नाही." याचे कारण रंगाच्या घडणीत आहे. फिक्या छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनतात त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य भरपूर असते आणि खालचा पृष्ठभाग झाकण्याचे काम तेच करते. गर्द छटांसाठी दुकानदार डीप बेस वापरतात. त्यात हे द्रव्य फार कमी असते, कारण ते जास्त असेल तर कितीही स्टेनर (छटा देणारा रंग) घातले तरी रंग गडद होत नाही. परिणामी पांढरी पुट्टी खालून डोकावते. प्राइमरनंतर राखाडी छटेचा एक हात दिला तर वरचा महागडा रंग कमी लागतो, आणि आम्ही तेच केले. दोन हातांच्या हिशेबाने साधारण लिटरला 120 ते 150 चौरस फूट धरले जातात; गर्द छटेत या हिशेबाने येणाऱ्या रंगाच्या दीडपट रंग धरावा.

चमक किती घ्यावी, याबाबत दोन्हीकडे अडचण आहे. चमकदार रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचसखलपणा दिसतो, विशेषतः भिंतीवर वरून दिवा असेल तर. आणि अगदी मॅट रंगात खुर्चीची पाठ, बॅग किंवा बोटे घासली की चकचकीत डाग उमटतात. लहान मुले असलेल्या घरात मी हलकी चमक असलेला, धुता येणारा रंग घेईन आणि पुट्टी घासून घेण्यावर एक दिवस जास्त घालवीन. ओलीच्या बाबतीत मात्र काहीच तडजोड नको. भिंतीत ओल असेल तर पांढऱ्या रंगावर न दिसणारा लोणा गर्द भिंतीवर पावसाळ्यानंतर पांढऱ्या पुटासारखा उमटतो, म्हणून बाहेरच्या भिंतीची गळती बंद करून ती पूर्ण वाळल्याशिवाय रंगाला हात घालू नये. नवा गिलावा असेल तर त्यालाही किमान चार आठवडे द्यावेत.

सगळा रंग एकाच वेळी, एकाच मशीनवर बनवून घ्यावा आणि दोन डबे असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करूनच वापरावेत, कारण दोन डब्यांतला किंचित फरकही गर्द छटेत भिंतीच्या मधोमध दिसतो. उरलेला रंग घट्ट झाकून ठेवावा आणि झाकणावर छटेचा क्रमांक, बेसचे नाव आणि तारीख लिहावी. पुढे कुठे टवका उडाला आणि खालची पांढरी पुट्टी दिसू लागली, तर तेवढाच ठिपका रंगवून भागत नाही. वाळल्यावर तो ठिपका वेगळा ओळखू येतो, आणि मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती सबंध भिंत एका हातात पुन्हा रंगवावी लागते. तेवढा रंग शिल्लक राहील असे पाहूनच डबे मागवावेत.