शेपटीजवळची पाच अक्षरं

विमानांच्या वेडाचा प्रवासाशी फारसा संबंध नसतो, हे घरच्यांना पटवणं महाकठीण. रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून गच्चीकडे निघालो की आई विचारते, "कोणी येणार आहे का?" कोणी नाही. "मग तुला कुठे जायचंय?" कुठेच नाही. यावर ती जे पुटपुटते ते मला ऐकू येत नाही, असं आम्ही दोघांनी धरून चालायचं ठरवलंय.

खरं तर घाटकोपरात राहणाऱ्या माणसाला हे वेड लागायला मुद्दाम काही करावं लागत नाही. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं वाशीची खाडी ओलांडून थेट आमच्या डोक्यावरून जातात आणि तोवर इतकी खाली आलेली असतात की चाकं मोजून घ्यावीत. या धावपट्टीचं नाव २७, म्हणजे होकायंत्रावरचे २७० अंश, सरळ पश्चिम. उलट बाजूनं वापरली की तिचंच नाव ०९. दुसरी धावपट्टी, १४-३२, हिला मधोमध छेदून जाते. त्यामुळे धावपट्ट्या दोन असूनही एका वेळी काम एकीचंच. एक खोली, पण तिला दोन दारं, हे मुंबईला साजेसंच झालं म्हणायचं. कधी मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असते, विमानं समुद्राच्या बाजूनं १४ वर उतरू लागतात आणि घाटकोपरचं आभाळ एकदम सुनं होतं. शेजारचे काका म्हणतात, "हुश्श, आज शांतता." मी काही बोलत नाही.

सुरुवात सगळ्यांची सारखीच होते, विमानाची जात ओळखण्यापासून. बोईंगचं ड्रीमलायनर असेल तर इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते. एअरबसचं ए३५० असेल तर वैमानिकाच्या काचांभोवती काळा पट्टा, डाकू डोळ्यांवर बांधतात तसा. बोईंग ७३७ चं इंजिन खालून चपटं, कारण मूळ विमान १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालं तेव्हाच्या बारीक इंजिनांच्या हिशेबानं त्याचे पाय आखूड ठेवलेले. पुढे इंजिनं फुगत गेली, पाय जवळजवळ तेवढेच राहिले. हे एकदा कळलं की चार-सहा महिन्यांत पोरंसोरंही चटाचट नावं सांगायला लागतात. बहुतेकांचं वेड इथेच थांबतं आणि ते सुखी होतात.

उरलेले शेपटीजवळच्या अक्षरांपर्यंत जातात. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरं असतात. ही त्याची नोंदणी. आपल्या तिकिटावर जो फ्लाइट नंबर असतो तो विमानाचा नसतो, तो वेळापत्रकाचा असतो. तोच नंबर आज एका विमानाचा, उद्या दुसऱ्याचा. ही पाच अक्षरं मात्र त्या एका विमानाची, ते देश बदलत नाही तोवर. आमची वही या अक्षरांची असते. मोबाइलवरच्या फ्लाइटरडारनं वहीचं काम सोपं केलंय. विमान स्वतःच आपला ठावठिकाणा रेडिओवरून सारखं सांगत असतं आणि जगभरातल्या हौशी लोकांनी घराच्या छपरावर लावलेले छोटे अँटेना ते ऐकून पुढे पाठवतात. म्हणजे एवढा मोठा कारखाना बराचसा आमच्यासारख्यांच्या गच्च्यांवरच चालतो. तरीही अक्षरं डोळ्यांनी वाचल्याशिवाय वहीत लिहायची नाहीत, असा आमच्या घोळक्यात दंडक आहे. कोणी केला ते ठाऊक नाही, पण पाळतात सगळे.

विमान असं नावानिशी ओळखू लागलात की विमान कंपन्यांकडे बघायची नजर बदलते. कंपनी म्हणजे अंगरखा, एवढंच वाटायला लागतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली. तिची कितीतरी ७३७ विमानं स्पाइसजेटनं भाड्यानं घेतली आणि घाईत पूर्ण रंगवायलाही वेळ नव्हता. त्या उन्हाळ्यात डोक्यावरून अशी विमानं जायची की नाव एकाचं आणि रंगाच्या खुणा दुसऱ्याच्या. लोकांना ते ठिगळ दिसलं. आम्ही मात्र खूश होतो, ओळखीचं पोर निदान उडतंय तरी! नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सगळीकडे तिच्या जेवणाच्या आणि हवाई सुंदऱ्यांच्या जांभळ्या पोशाखाच्या आठवणी निघाल्या. आमच्याकडे एकच चर्चा: व्हीटी-एटीव्हीचं काय करणार? १९४० च्या दशकातल्या टाटा एअरलाइन्सची आठवण म्हणून विस्तारानं या एका ए३२० ला मुद्दाम जुन्या धाटणीचा रंग दिला होता. ते दिसलं की दिवस सार्थकी लागायचा.

या वेडाचा घरात उपयोग शून्य, असं मात्र नाही. मावशी पहिल्यांदा विमानात बसली आणि उतरल्यावर तिनं आधी मला फोन केला. "अरे, सुटायच्या आधी पायाखाली कुत्रा भुंकत होता!" ए३२० मध्ये जमिनीवर एकच इंजिन चालू असताना दोन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणांतला दाब सारखा करणारा एक भाग चालू-बंद होत राहतो, त्याचा तो आवाज. मी तिला हे सविस्तर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कुत्राच म्हण ना."

पण मला खरी ओढ आहे ती उडणं थांबलेल्या विमानांची. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेली कोलकात्याची बातमी आम्ही पुरवून पुरवून वाचली. विमानाची अक्षरं व्हीटी-ईएचएच. बोईंग ७३७-२००, १९८२ मध्ये, पुढे एअर इंडियात मिसळलेल्या, इंडियन एअरलाइन्सकडे आलेलं. प्रवासी वाहून झाल्यावर म्हातारपणी टपाल खात्याची पत्रं-पार्सलं वाहिली आणि २०१२ पासून कोलकाता विमानतळाच्या एका कोपऱ्यात उभं. एअर इंडियाच्या दप्तरातून ते कधी गळलं कुणाला कळलंच नाही. शेवटी विमानतळानंच कळवलं, तुमचं विमान घेऊन जा. तेव्हा मालकाला पत्ता लागला की आपलं एक विमान आहे! तेरा वर्षांच्या पार्किंगचं बिल कोटीच्या घरात गेलं. माणूस छत्री विसरतो, डबा विसरतो, फार तर लग्नाचा वाढदिवस विसरतो; तीस मीटर लांबीची वस्तू विसरायला संस्थाच हवी. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी बातमी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "मला विचारायचं ना." त्यांच्या वहीत ते होतं, पुढे पेन्सिलीनं लिहिलेलं: कोलकाता, उभं. आता ते रस्त्यानं बंगळूरला गेलंय, इंजिनिअर होणाऱ्या मुलांना शिकायला. चांगली सोय झाली.

नागपूरकर मात्र कोलकात्याच्या या कौतुकावर नाक मुरडतील. त्यांच्याकडे याहून जुनं प्रकरण होतं. १९९१ च्या जुलैत कॉन्टिनेंटल एव्हिएशन नावाच्या कंपनीचं एक बोईंग ७२० इंजिनात बिघाड झाला म्हणून नागपूरला उतरलं. बोईंग ७२० म्हणजे ७०७ चं आखूड भावंड, तेव्हाही दुर्मीळच. अक्षरं व्हीटी-ईआरएस. कंपनी गुंडाळली गेली आणि विमान राहिलं. ऊन, पाऊस, पुन्हा नागपूरचं ऊन. धावपट्टीच्या जवळ ते असं अडून बसलं की हलवायचं कुणी आणि कुणाच्या खर्चानं, यात चोवीस वर्षं गेली. २०१५ मध्ये एकदाचं ते बाजूला ओढून नेलं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमानात चढता-उतरता खिडकीतून ते बघितलेली एक अख्खी पिढी विदर्भात आहे. नागपूरचे आमचे स्नेही सांगतात, लहानपणी त्यांना वाटायचं की प्रत्येक विमानतळावर असं एक जुनं विमान ठेवावंच लागतं, वाड्यात आजोबा असतात तसं.

विमानांच्या बाबतीत नागपूरचा मान तसाही मोठा, आणि तो पुण्या-मुंबईच्या लोकांना सहसा माहीत नसतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपुरात यायची. बहुधा डकोटा विमानं. धावपट्टीच्या कडेला टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मद्रासची पत्रं दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या. मग चारही विमानं आपापल्या घरी परत फिरायची आणि पहाटेपर्यंत पोचायची. संध्याकाळी गिरगावात पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. हा सगळा खटाटोप नकाशाच्या मध्यावर असलेल्या या एका गावाच्या भरवशावर चालायचा. टाइम मशीन मिळालं तर बहुतेक लोक शिवरायांच्या राज्याभिषेकाला जातील. मीही जाईनच, पण परतताना सोनेगावला एक रात्र थांबेन. चार डकोटा, चारही दिशांनी, अर्ध्या-पाऊण तासात! वही भरून जाईल.

निरोप सगळ्यांनाच असे लांबलचक मिळत नाहीत. एअर इंडियाच्या जंबोंना एके काळी खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या लाल महिरपी होत्या. पहिल्या पिढीतल्या जंबोंना सम्राटांची नावं, नंतरच्यांना गावांची आणि लेण्यांची. एक 'अजंठा' होतं, एक 'वेल्हा गोवा'. शेवटी मुंबईतून गेलं ते 'आग्रा', व्हीटी-ईव्हीए, २२ एप्रिल २०२४ ला, अमेरिकेत मोडीत निघायला. उड्डाण केल्यावर वैमानिकानं पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवले. चार इंजिनांचा तो आवाज मी ज्यांच्याबरोबर ऐकत मोठा झालो, त्यांच्यातल्या दोघांनी त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली होती. कारण काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

या छंदाला एक अंधारी बाजूही आहे. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं ड्रीमलायनर पडलं. बातम्यांत फ्लाइट नंबर येत होता, मृतांचे आकडे येत होते. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचेही लोक गेले. आमच्या ग्रुपवर पहिल्या काही मिनिटांत कोणीतरी फक्त अक्षरं लिहिली, व्हीटी-एएनबी. बाकी कोणी काही लिहिलं नाही. जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत ती होती. त्या उड्डाणाचा जो व्हिडिओ जगभर फिरला, तो विमानं बघायची हौस असलेल्या एका शाळकरी मुलानं गच्चीवरून काढला होता, मित्रांना दाखवायला. पुढचे आठ दिवस टीव्हीवर ज्यांना पंख आणि शेपूट यांतला फरक सांगता आला नसता असे लोक निष्कर्ष काढत बसले होते. आमच्याकडे एरवी खिळ्यावरून भांडणारी मंडळी गप्प होती. चौकशी अहवाल येऊ दे, एवढंच.

सरकारला आमच्याबद्दल कधीच विशेष प्रेम नव्हतं. विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी घालणारा नियम १९३७ च्या नियमावलीतला आहे. ग्रीसमध्ये तर २००१ साली कालामाताच्या हवाई तळावर विमानांचे नंबर टिपणाऱ्या बारा ब्रिटिश आणि दोन डच छंदिष्टांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. नंबर लिहून घेण्यात माणसाला निव्वळ आनंद होऊ शकतो, हे तिथल्या न्यायालयाच्या डोक्यात शिरेना. पुढच्या वर्षी त्यांना शिक्षा झाली आणि त्याच वर्षी अपिलात ते सुटले. आईला ही हकीकत सांगितली तेव्हा ती ग्रीसच्या बाजूची निघाली.

सध्या आमच्यात नवी मुंबईचं वारं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि तेव्हापासून घोळक्यातले निम्मे लोक शेजारच्या उलव्यातल्या जागांचे भाव बघतायत. धावपट्टी पूर्व-पश्चिम, ०८-२६, म्हणजे खिडकी कुठल्या बाजूला हवी याचं गणित आधीच मांडून झालंय. परवा एक मित्र फ्लॅट बघायला गेला. दलालानं बाल्कनीचं दार उघडलं, मग झटकन लावून घेतलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, या बाजूला एक विमान दिसणार नाही. आवाजसुद्धा नाही. माझी गॅरंटी."

मित्रानं बूट घातले आणि विचारलं, "मागच्या विंगमध्ये काही रिकामं आहे का?"