शेवटच्या बिंदूपुढची रेघ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत विज्ञानाच्या बाईंच्या मायेबद्दल इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी त्यांच्या एका हट्टाबद्दल लिहिते. आलेखात शेवटच्या बिंदूपर्यंतची रेघ अखंड, पुढची तुटक. समास, खाडाखोड, शाईचे डाग सगळं चालायचं, हे मात्र नाही. कुणी भरात रेघ पुढे ओढलीच तर विचारत, "एवढं मोजलंस का तू?"

हा हट्ट कळला तो हवेच्या प्रयोगात. एका टोकाला बंद असलेली बारीक काचनळी, आत तेलाच्या थेंबानं अडवलेली हवा. नळी पाण्यात ठेवून बर्फापासून उकळीपर्यंत तापवायची आणि हवेच्या स्तंभाची लांबी टिपत जायची. बिंदू छान सरळ रेषेत येतात. मग ती रेघ मागे न्यायची, लांबी शून्य होईपर्यंत. मोजलेले अंश शंभर, आणि मागे जायचं पावणेतीनशे! शून्य अंशाला स्तंभ 10 सेंमी असेल तर शंभराला तो साधारण 13.66 भरतो. तिथे वाचताना एक मिलिमीटर चुकला, की मागच्या टोकाला उत्तर सात-आठ अंशांनी सरकतं. म्हणून वर्गात ज्याचं त्याचं उत्तर निराळं, पण घोटाळत सगळी उणे 273 च्या आसपास.

आम्ही खूश. बाईंनी विचारलं, "तिथवर हवा हवाच राहील का?" नायट्रोजनचा उणे 196 ला द्रव होतो, हेलियमचासुद्धा उणे 269 ला. म्हणजे रेघ पोचते तिथे मोजायला वायूच नाही. तरी आकडा खरा, उणे 273.15. कारण वायू कुठलाही घ्या, कितीही घ्या, रेघा त्याच बिंदूकडे जातात. शिवाय लॉर्ड केल्विन यांनी उष्णता-इंजिनाच्या सिद्धांतावरून, कुठल्याच वायूवर न विसंबता जी तापमानाची निरपेक्ष श्रेणी मांडली, तिचं शून्यही तिथेच येतं.

असा दुसरीकडून आधार नसेल तर काय होतं, ते त्यांनी वर्तुळावर दाखवलं. परिघावर बिंदू घ्यायचे, सगळे एकमेकांना जोडायचे, आतले तुकडे मोजायचे. 1, 2, 4, 8, 16. सहाव्या बिंदूला वर्ग "बत्तीस!" म्हणून ओरडला. मोजले तर एकतीस. (तीन रेघा एकाच ठिकाणी छेदल्या तर तीसच.)

आता मी प्लास्टिकच्या पाइपांच्या चाचण्या करते. पाइप 50 वर्षं दाब सोसेल का, हे सांगायचं असतं आणि हाताशी असते 10,000 तासांच्या आसपासची नोंद, म्हणजे सव्वा वर्षसुद्धा नाही. लॉगच्या कागदावर (जिथे प्रत्येक मोठं घर आधीच्याच्या दहापट मोजतं) ताण आणि काळ मांडले की रेघ सरळ दिसते. पण पॉलिइथिलीनमध्ये ती पुढे एकाएकी खाली मोडू शकते. पाइप फुगून फाटण्याऐवजी त्याला बारीक चीर जाते. साध्या तापमानाला हा मोड दिसायची वाट बघत बसणं शक्य नाही, म्हणून 80 अंशांच्या पाण्यातही नमुने ठेवतो. तिथे तो लवकर येतो, आणि त्यावरून 20 अंशांची रेघ कुठवर न्यायची ते ठरतं. आणखी वर्षं लिहून द्या म्हणून ग्राहक मागे लागतात. त्यासाठी गरम टाकीतले नमुने आणखी काही महिने दाबाखाली ठेवावे लागतात, एवढंच मी त्यांना सांगते.